मदत हवी आहे: अमेरिकेतलं ग्लोबल हेल्थ सेंटर एफडब्ल्यूए नंबर मागतंय, तो नाशकात कुठे मिळतो?

नागली
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. आमची छोटी ट्रस्ट आहे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करतो, अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीच्या ग्लोबल हेल्थ सेंटरने आम्हाला पार्टनर म्हणून निवडलंय. त्यांनी फॉर्म पाठवलाय त्यात एफडब्ल्यूए नंबर, यूईआय नंबर (संस्थेचा ओळख नंबर), लोकल एथिक्स कमिटीचा रजिस्ट्रेशन नंबर असं सगळं मागितलंय, आणि यूईआय काढायला बसलं की साइट रिजेक्ट करते, कारण पण धड सांगत नाही. दोनतीन ऑफिसांत विचारून झालं, सगळे एकमेकांच्या टेबलाकडे बोट दाखवतात. महिनाअखेर तारीख आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनीच सांगा प्लीज.

गोदाकाठ
अभिनंदन! पण कोणती युनिव्हर्सिटी? आणि नक्की करणार काय? सर्व्हे की तपासणी?

निवृत्त_टीएचओ
ताई, माहिती अर्धीच दिलीत. कोणता तालुका? वयोगट? रक्त घेणार का? घेतलं तर कोणत्या टेस्टने बघणार? नवजात बाळं असतील तर सोल्युबिलिटी टेस्ट चालणार नाही, सहा महिन्यांच्या आत बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिनच जास्त असतं, टेस्ट निगेटिव्ह येते आणि आई निर्धास्त घरी जाते. आमच्या वेळी अशी बाळं वर्षभराने हातापायाला सूज घेऊन परत यायची.

नागली
युनिव्हर्सिटीचं नाव नाही सांगू शकत. सुरगाणा आणि पेठ. नवजातच, पीएचसीत बाळंतपण झालं की टाचेतून थेंब, जाड कागदावर ठिपके, वाळवून एचपीएलसीला (मशीनवर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघतात ती तपासणी). ते ठरलंय हो सगळं, माझा प्रश्न फक्त नंबरांचा आहे.

ग्लोबल_मकरंद
मी सध्या बाहेरच एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातलं मास्टर्स) करतोय, त्यामुळे सांगू शकतो. एफडब्ल्यूए म्हणजे फेडरलवाइड अशुरन्स, संशोधनात भाग घेणाऱ्या माणसांचं संरक्षण करू अशी संस्थेने दिलेली हमी, तो नाशकातच काय भारतातच कुठल्या ऑफिसात मिळत नाही, अमेरिकेच्या आरोग्य खात्याचं ओएचआरपी म्हणून ऑफिस आहे त्यांच्याकडे ऑनलाइन भरायचा, फी नाही. पण आधी हे सांगा, पैसे कोणाचे? एनआयएच (तिकडची सरकारी आरोग्य संशोधन संस्था) वगैरे सरकारी ग्रँट आहे की युनिव्हर्सिटीचे स्वतःचे? सगळं त्यावर आहे.

दिंडोरीरोड
हे सगळं कशाला? आपल्या म्हसरूळला १९९८ पासून आरोग्य विद्यापीठ उभं आहे आणि तुम्ही समुद्रापलीकडे नंबर शोधताय. तिथे जाऊन कुलसचिवांना भेटा.

ग्लोबल_मकरंद
@दिंडोरीरोड काका, त्यांचा पार्टनर आधीच ठरलाय, प्रश्न तो नाही.

दिंडोरीरोड
प्रश्न तोच आहे. तिकडच्यांना इक्विटीवर पेपर छापायचा, रक्त आपल्या सुरगाण्याच्या पोरांचं. पेपरवर पहिलं नाव कोणाचं येणार ते विचारलंत का ताई?

नागली
पेपरचं नंतर बघू. @मकरंद सीड ग्रँट आहे म्हणाले, म्हणजे सुरुवातीपुरता निधी, कोणा देणगीदाराचे पैसे आहेत, एनआयएच नाही.

ग्लोबल_मकरंद
मग सुटलात की! त्यांच्या आरोग्य खात्याचा पैसा नसेल तर एफडब्ल्यूएची कायद्याने गरज नाही. ते लोक सरसकट सगळ्यांना एकच फॉर्म पाठवतात. सेंटरला सरळ मेल टाका की निधी फेडरल नाही तर हा रकाना आम्हाला लागू आहे का. यूईआयचंही तेच, तो फेडरल ग्रँटसाठी असतो. आणि एनआयएच नाही हे बरंच झालं, २०२५ च्या मे मध्ये त्यांनी परदेशी संस्थांना पोट-अनुदान देण्याची जुनी पद्धतच बंद केली, माझ्या गाइडचे दोन देशांतले पार्टनर लटकले.

पंचवटीचा_सीए
यूईआय रिजेक्ट का होतंय ते मी सांगतो, माझ्याकडे अशी केस आली होती. संस्थेचं नाव आणि पत्ता कागदांवर अक्षरन्‌अक्षर सारखं लागतं. तुमच्या पॅनवर इंग्रजीत नाव कसं आहे आणि धर्मादायच्या सर्टिफिकेटवर कसं आहे?

नागली
थांबा बघते… पॅनवर 'प्रतिष्ठान'च्या स्पेलिंगमध्ये टी नंतर एच आहे, दुसरीकडे नाही. पत्त्यात पण एकात सर्व्हे नंबर आधी, एकात सोसायटीचं नाव आधी. एका एच साठी इतके दिवस???

पंचवटीचा_सीए
हो. पण ताई खरी गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायच्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन, आहे का?

नागली
नाही. थोडीशीच तर रक्कम आहे.

पंचवटीचा_सीए
एक रुपया असला तरी परदेशी देणगी ती परदेशी देणगीच. एफसीआरए रजिस्ट्रेशन किंवा त्या कामापुरती पूर्वपरवानगी, दोन्हीपैकी एक पाहिजेच. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यायला लागतो. तुमच्या नाशकातल्या खात्यात डॉलर आले की झालीच पंचाईत.

सातपूरचा_बाळू
सोपा उपाय, मॅडमनी स्वतःच्या सेव्हिंग खात्यात घ्यायचे, माझा भाचा फ्रीलान्सचे घेतो तसे. कोण बघतंय.

पंचवटीचा_सीए
@बाळू कृपा करून असले सल्ले देऊ नका. भाचा काम विकून फी घेतो, ते वेगळं. सामाजिक कामासाठी आलेला पैसा व्यक्तीने घेतला तरी तोच कायदा लागतो.

सातपूरचा_बाळू
सीएला फी मिळायला पाहिजे म्हणून सगळं अवघड करून सांगता तुम्ही लोक.

कॉलेजरोडची_सई
मग एखाद्या एफसीआरएवाल्या मोठ्या संस्थेच्या नावावर पैसे मागवायचे आणि त्यांनी यांना द्यायचे, आमच्याकडे पूर्वी सर्रास चालायचं.

पंचवटीचा_सीए
पूर्वी चालायचं. २०२० पासून एका संस्थेने दुसरीला तो पैसा पुढे देणं बंद, दुसरीकडे एफसीआरए असलं तरी. मोठ्या संस्थेने पैसा घ्यायचा तर खर्चही तिनेच करायचा, म्हणजे कागद, एचपीएलसीचं बिल, गाडीभाडं सगळं तिच्या नावावर. तुमच्याकडे गावात काम करणाऱ्या बायांना तिने मानधन द्यायचं की कसं, ते करार बघून ठरवावं लागेल, इथे नाही सांगता येणार.

निवृत्त_टीएचओ
एचएमएससीचं कोणीच बोलत नाहीये. आरोग्याच्या संशोधनात परदेशी सहकार्य किंवा परदेशी पैसा आला की आयसीएमआरकडून हेल्थ मिनिस्ट्रीज स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते, पैसा सरकारी असो की देणगीदाराचा. त्याला आधी इथल्या एथिक्स कमिटीचं पत्र लागतं. ट्रस्टला स्वतःची कमिटी कुठून असणार, मेडिकल कॉलेजची धरावी लागते. आणि ताई, ते ठिपके सगळे इथेच तपासणार ना?

नागली
बहुतेक सगळे इथेच. थोडे तिकडे जाणार, क्वालिटी चेकला म्हणाले.

निवृत्त_टीएचओ
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! नमुना देशाबाहेर जाणार म्हणजे मटेरियल ट्रान्सफरचा करार आला, किती कागद जाणार, काय तपासणार, नंतर नष्ट करणार का ठेवणार, सगळं लिहून. संमतीपत्रातही आईला तसं सांगावं लागेल, तेही तिला कळेल अशा कोकणीत (गोव्याची नव्हे, तिकडच्या कोकणा आदिवासींची बोली), नुसत्या प्रमाण मराठीत अंगठा घेऊन नाही चालत. माझं ऐकाल तर क्वालिटी चेक देशातल्याच दुसऱ्या लॅबकडून करून घ्या, अर्धी कटकट जाईल.

दिंडोरीरोड
बघा, मी काय म्हणत होतो. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० ला काम उभं केलं, गडचिरोलीत बंगांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन १९९९ ला लॅन्सेटमध्ये छापून आणलं. कोणाच्या फॉर्मवर अडलं का त्यांचं?

ग्लोबल_मकरंद
काका, आरोळे आणि बंग दोघंही जॉन्स हॉपकिन्सला शिकून आले होते :)

दिंडोरीरोड
शिकून इथे आले ना परत. तुझं काय?

पेठवाला
पेठ रस्त्यावरून गाडी नेणार असाल तर स्टेपनी दोन ठेवा. आणि सुरगाण्याच्या सीमेवरची गावं २०२२ ला गुजरातमध्ये जायचं म्हणत होती ते उगाच नाही, तिथली माणसं दवाखान्याला धरमपूर-वलसाडलाच जातात. बाळंतपणंही तिकडे होतात. तुमच्या पीएचसीच्या रजिस्टरला ती बाळं येणारच नाहीत.

नागली
@पेठवाला हे कामाचं बोललात. तिकडच्या प्रोटोकॉलमध्ये जानेवारीला सुरू करा लिहिलंय.

पेठवाला
जानेवारीत गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. दिवाळी झाली की जोडपीच्या जोडपी दिंडोरी, मोहाडी, पिंपळगावला द्राक्षाच्या कामाला, पोटुशी बाईसुद्धा. बाळंतपण मळ्यावर नाहीतर जवळच्या दवाखान्यात. एक तर शिमग्यानंतर सुरू करा, नाहीतर दिंडोरी-निफाडच्या पीएचसी पण घ्या.

निवृत्त_टीएचओ
अगदी बरोबर. आणि बाळ सापडल्यावर पुढे काय ते लिहिलंय का? पेनिसिलिन, लसी, नंतर हायड्रॉक्सीयुरिया, हे वर्षानुवर्षं द्यायचं असतं, सीड ग्रँट संपली तरी. १ जुलै २०२३ ला शहडोलला सुरू झालेलं राष्ट्रीय सिकलसेल मिशन आहेच, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचीय त्यात. त्याला जोडून घ्या, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या पत्राशिवाय पीएचसीत पाऊल ठेवू नका.

कॉलेजरोडची_सई
थोडं अवांतर, रवांडाला ग्लोबल हेल्थ इक्विटीचीच वेगळी युनिव्हर्सिटी आहे ना, पॉल फार्मर यांच्या संस्थेने २०१५ ला काढलेली? बीएएमएसवाल्यांना तिथे मास्टर्सला घेतात का? भाऊ विचारतोय.

ग्लोबल_मकरंद
@सई वेगळा धागा काढ.

नागली
बरं. सेंटरला मेल टाकलाय, निधी फेडरल नाही तर दोन्ही नंबर वगळा, ठिपके बाहेर पाठवणार नाही, आणि सुरुवात शिमग्यानंतर. त्यांचं उत्तर आलं, पहिल्या दोन्हीला ओके, तिसऱ्याला "आमचं आर्थिक वर्ष जूनमध्ये संपतं". @सीए पूर्वपरवानगीला साधारण काय काय कागद लागतात? आणि एफसीआरए असलेलं, एथिक्स कमिटी असलेलं, फोन उचलणारं मेडिकल कॉलेज कोणाच्या ओळखीत आहे का? नाशिकच पाहिजे असं नाही, धुळ्यापर्यंत चालेल.

पंचवटीचा_सीए
व्यनि (खाजगी निरोप) केलाय. आधी तो एच दुरुस्त करून घ्या.

सातपूरचा_बाळू
माझ्या भाच्याचा मित्र आहे एका कॉलेजात, पण डेंटल आहे, चालेल का?