'अठरापगड' सिगीश्वारा चालेल का?

शाईदौत:
एका दिवाळी अंकासाठी रुमानियातल्या सिगीश्वारा या गावावरचा लेख इंग्रजीतून मराठीत करतेय. गाव लहानसं, 2011च्या जनगणनेत सुमारे 28 हजार वस्ती. पण नावं तीन: रुमानियन लोकांचं सिगीश्वारा, हंगेरियनांचं शेगेशवार, जर्मनांचं शेसबुर्ग. मूळ लेखाच्या पहिल्याच ओळीत 'मल्टिएथ्निक' आहे. मी 'बहुवांशिक' लिहिलं. संपादकांनी त्यावर काट मारून 'अठरापगड जातींचं गाव' केलं आणि समासात शेरा मारला, 'मराठी वाटलं पाहिजे'. तेव्हापासून डोळ्यांसमोर पगड्या घातलेले जर्मन येतायत. कोणाचं बरोबर?

खवट_खोबरं:
संपादकांचं. 'बहुवांशिक' वाचून कोणाला गाव दिसतं? मला तर शासनाचं परिपत्रक दिसलं.

निवृत्त_मास्तर:
माझी आजी सांगायची, पगड म्हणजे पगडी, ज्या त्या जातीची पगडी बांधायची तऱ्हा वेगळी म्हणून अठरापगड. म्हणजे या शब्दात जात आहे, वंश नाही. रुमानियन, हंगेरियन, जर्मन, ज्यू, रोमा यांना जाती म्हणणं चूकच. 'बहुभाषिक' लिहा, निदान खोटं तरी ठरणार नाही.

खवट_खोबरं:
मग 'अठरा धान्यांचं कडबोळं' लिहा. दिवाळी अंकच आहे!

नेकारकाठची:
मी श्टुटगार्टला राहते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी याच गावच्या. त्या तिथल्या जर्मनांपैकी, पण स्वतःला 'सॅक्सन' म्हणवतात. पहिल्या भेटीत मी शहाणपणा करून विचारलं, म्हणजे सॅक्सनीच्या का? त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, आमच्यातलं कोणी सॅक्सनीहून आलेलंच नाही. खरंच आहे ते. बाराव्या शतकात हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने वसायला बोलावलेले हे लोक बहुतेक ऱ्हाईन-मोझेल नद्यांच्या बाजूचे. त्यांची घरातली बोली लक्झेंबर्गच्या भाषेला जवळची, त्या फोनवर बहिणीशी बोलायला लागल्या की मला निम्मं कळत नाही. तेव्हा शाईदौत, 'सॅक्सनीहून आलेले' असं काही लिहिलं असेल तर आधी ते काढ. पगड्यांचं नंतर बघू.

शाईदौत:
लिहिलं होतं. काढलं.

ताम्रपट:
लॅटिन सनदांमध्ये या वसाहतवाल्यांना 'होस्पितेस' म्हटलंय, म्हणजे पाहुणे. पण पाहुणा दोन दिवसांनी जातो, हे आठशे वर्षं राहिले. आपल्याकडे याला नेमका शब्द होता: कौल. ओसाड गाव किंवा नवी पेठ वसवायची तर सारा माफ किंवा कमी करून कौल द्यायचे, मग बाहेरचे कारागीर-व्यापारी यायचे. 1224 मध्ये राजा दुसरा अँड्र्यू याने ट्रान्सिल्व्हेनियातल्या (सिगीश्वारा याच प्रांतातलं) सॅक्सनांना जे हक्क लिहून दिले तो कौलनामाच. 'विशेषाधिकारपत्र' असलं काही कृपया लिहू नका.

निवृत्त_मास्तर:
कौल म्हणजे देवाला लावायचा आणि छपरावर घालायचं ते. आजच्या वाचकाला तिसरा अर्थ लागणार नाही. 'सनद' म्हणा.

ताम्रपट:
मास्तर, निवडणुकीतला 'जनतेचा कौल' राहिला. लागतात की अर्थ. माणूस संदर्भाने वाचतो.

तांबटआळी:
मला त्या लेखात बुरुजांना काय म्हटलंय ते सांगा. त्या गावाच्या तटाला 14 बुरूज होते, 9 उरलेत, आणि एकेक बुरूज एकेका धंदेवाल्यांच्या गिल्डकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनेकडे. बांधायचा त्यांनी, वेळ आली तर लढवायचा त्यांनी.

शाईदौत:
मी असं केलंय: शिंप्यांचा बुरूज, खाटकांचा बुरूज, कासारांचा बुरूज…

तांबटआळी:
थांबा. कासारांचा कुठला? तिथला बुरूज कथलाचं काम करणाऱ्यांचा आहे. आमच्या घरात तीन पिढ्या तांब्यावर हातोडी चाललीय म्हणून सांगतो: तांबट वेगळा, कासार वेगळा, कल्हईवाला त्याहून वेगळा. तांबट पत्रा ठोकून हंडा घडवतो, त्याच्या अंगावर हातोडीचे ठसे दिसतात, त्यालाच मठारकाम म्हणतात. कल्हईवाला भांडं तापवून, नवसागर मारून, कापसाच्या बोळ्याने आतून कथील फिरवतो. तो कथील लावतो, कथलाची भांडी ओतत नाही. आपल्याकडे कथलाच्या ताटल्या-सुरया करणारा वेगळा धंदाच नव्हता, मग त्याला नाव कुठून आणणार? 'कथीलकामवाल्यांचा बुरूज' लिहा.

खवट_खोबरं:
कथलाचा वाळा, सोन्याचा तोल. माफ करा, राहवलं नाही.

आडवळण:
माझा आक्षेप दुसरा आहे. त्याच तटावर दोरखंड वळणाऱ्यांचा बुरूज आहे, कातडी कमावणाऱ्यांचा आहे. शाईदौत, त्यांची मराठी नावं लिहिलीत का?

शाईदौत:
नाही. तिथे 'दोर वळणाऱ्यांचा' आणि 'कातडी कमावणाऱ्यांचा' असंच ठेवलं. हात धजावला नाही.

आडवळण:
मग शिंप्यांच्या वेळी कसा धजावला? तोच तर मुद्दा. आपल्या धंद्यांच्या नावांना जात चिकटलेली आहे, काहींना मान, काहींना शिवी. माझ्या आजोबांनी जो धंदा केला त्याचं नाव तुम्ही लेखात लिहायला कचरता, ते बरोबरच करता. पण गिल्डमध्ये माणूस जन्माने जात नव्हता. उमेदवारी करायची, गावोगाव हिंडून काम शिकायचं, मग उस्ताद व्हायचं. एकतर सगळ्यांना कामावरून नावं द्या, 'कपडे शिवणाऱ्यांचा बुरूज', नाहीतर सगळ्यांना जातीवरून द्या आणि परिणाम भोगा.

निवृत्त_मास्तर:
मुद्दा मान्य. पण गिल्डही इतका उघडा दरवाजा नव्हता. उस्तादाचा मुलगा, उस्तादाची विधवा यांना सवलत असायची, बाहेरच्याला खेटे घालायला लागायचे.

आडवळण:
खेटे घालून का होईना, आत जाता येत होतं ना?

ताम्रपट:
गिल्डला शब्द आहे आणि तो आपल्याच मातीतला आहे: श्रेणी. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेव ठेवली, 2000 एकीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 दुसरीकडे शेकडा पाऊण टक्क्याने. व्याज भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि बारीकसारीक खर्चासाठी, मुद्दल कधी परत घ्यायचं नाही. लेखात शब्दच 'श्रेणिसु' असा आहे.

खवट_खोबरं:
'शिंपी श्रेणीचा बुरूज' वाचून मला वेतनश्रेणी आठवली. शिंप्यांना सातवा आयोग लागू झाला का?

ताम्रपट:
शब्द मेला की लोक हसतात आणि हसले की मग वापरत नाहीत. असंच चाललंय.

शाईदौत:
माझा प्रश्न 'अठरापगड'चा होता…

नेकारकाठची:
येतेय त्यावर. खालच्या आजींना विचारलं, तुमच्या गावात सगळे मिळून राहायचे का? म्हणाल्या, शेजारी राहायचो. मग जरा थांबून, 'तटाच्या आत कोण आणि बाहेर कोण ते ठरलेलं होतं.' सॅक्सन गावांत सॅक्सन नसलेल्याला नागरिक म्हणून घर घेण्याचा हक्क शतकानुशतकं नव्हता. तो सम्राट दुसऱ्या योसेफने 1781 मध्ये खुला केला, आणि त्यावर किती आरडाओरडा झाला असेल विचार करा. 'अठरापगड' म्हटलं की आपल्याला सगळे एका पालखीखाली चालताना दिसतात. तसं नव्हतं.

ताम्रपट:
दुजोरा. 1438 मध्ये ट्रान्सिल्व्हेनियात 'तीन नात्सिओं'ची एकजूट झाली: हंगेरियन उमराव, सेकेई (हंगेरियन बोलणारे सीमारक्षक) आणि सॅक्सन. रुमानियन त्यात नव्हतेच. याचं भाषांतर 'तीन राष्ट्रांचा तह' असं वाचलंय मी, अंगावर काटा आला. ती राष्ट्रं नव्हती, हक्कदार वर्ग होते. आपल्या जुन्या भाषेत सांगायचं तर मिरासदार आत, उपरी बाहेर.

आडवळण:
आणि उपऱ्याला मिरास मिळेस्तोवर मिरासदारच गाव सोडून गेले. 1910 मध्ये गावात जर्मन बोलणारे निम्म्याच्या आसपास होते. 1945 च्या जानेवारीत धडधाकट बायका-पुरुष सोव्हिएत छावण्यांत मजुरीला नेले. पुढे हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात पश्चिम जर्मनीने माणशी पैसे मोजून सोडवून नेले, आणि 1989 नंतर तर रांगच लागली. आता काहीशे असतील. ज्यांनी गाव वसवलं तेच मूठभर, याला काय म्हणणार? बहु-काय?

कोटबाहेर:
मी नवीन आहे. बुर्ग आणि दुर्ग एकच ना? शेसबुर्ग, सिंधुदुर्ग?

ताम्रपट:
नाही हो. दुर्ग म्हणजे दुर् + ग, जिथे जायला कठीण. बुर्गचं मूळ 'उंच' या अर्थाचं, त्याचं आपल्याकडचं भावंड बृहत्. कानाला जुळतं म्हणून नातं जोडू नका.

निवृत्त_मास्तर:
त्यापेक्षा गंमत 'श्वारा'त आहे. ते हंगेरियन 'वार'चं, म्हणजे किल्ल्याचं रुमानियन तोंडात झालेलं रूप. तेमेशवार शहराचं तिमिश्वारा तसंच. म्हणजे रुमानियन नावाच्या पोटात हंगेरियन किल्ला आहे. आमचे एक स्नेही या 'वार'चं नातं 'वाड्या'शी लावतात, त्यांना मी चहा पाजून वाटेला लावतो.

कोटबाहेर:
मग टेकडीवरच्या, तटाच्या आतल्या गावाला किल्ला म्हणायचं की बालेकिल्ला?

शाईदौत:
मी 'कोट' केलंय, खालच्या गावाला 'पेठ'. वर अजून लोक राहतात, पन्हाळ्यावर राहतात तसे. दोर वळणाऱ्यांच्या बुरुजात तर दफनभूमीचा राखणदार राहतो.

तांबटआळी:
कोट छान. आणि घड्याळाच्या मनोऱ्यातल्या लाकडी बाहुल्यांचं लिहिलंय ना? रोज मध्यरात्री बाहुली बदलते, मंगळवारी मंगळ, बुधवारी बुध, शनिवारी शनी. तिथे मराठी वाचकाला टीपही लागणार नाही.

खवट_खोबरं:
एवढं सगळं झालं आणि ड्रॅकुलाचं नाव कोणी काढलं नाही?

नेकारकाठची:
ज्याच्यावरून ते नाव आलं त्या व्लादचा बाप 1431 ते 1435 तिथे राहिला. ड्रॅगनच्या पदकावरून त्याला 'द्राकुल' म्हणू लागले, आणि रुमानियनमध्ये 'द्राक' म्हणजे सैतान. पुढचं सगळं दुकानदारांनी केलं. संपलं.

शाईदौत:
अंक काल छापायला गेला. संपादकांनी 'अठरापगड' ठेवलं, 'जातींचं' तेवढं काढलं. श्रेणीला 'संघ' केलं. आता फक्त चित्राखालची ओळ राहिलीय: 1642 मध्ये शाळकरी पोरांना पावसाबर्फातून वर टेकडीवरच्या शाळेत जाता यावं म्हणून बांधलेला लाकडी छपराचा… जिना की पायऱ्या? पावणेदोनशेच्या आसपास आहेत.

निवृत्त_मास्तर:
जिना घरात असतो. टेकडीवर पायऱ्या.

तांबटआळी:
वर छप्पर आहे ना? मग जिनाच.

निवृत्त_मास्तर:
छप्पर घातलं म्हणून घाटाचा जिना होत नाही.