काळजीवाहू, शुभंकर की 'पाहणारा'?

पत्रकवाला: घरातल्या मानसिक आजाराच्या किंवा स्मृतिभ्रंशाच्या माणसाला सांभाळणाऱ्यांची बैठक आम्ही इथं नागपुरात, वाचनालयात, दर महिन्याला घेणार आहोत. पत्रक माझ्या गळ्यात पडलं. केअरगिव्हरला 'काळजीवाहू' लिहिलं, तर शेजारच्या काकांनी वाचून विचारलं, "काहून, सरकार पडलं का?" सपोर्ट ग्रुपला 'स्वमदत गट' केलं, तर कामाच्या मावशी म्हणाल्या, बचत गटाचं पासबुक आणू का? दोन्ही शब्द सुचवा. शुक्रवारी छापायला द्यायचंय.

मोडीवाचक: काळजीवाहू सरकार हा केअरटेकरचा तर्जुमा, त्याला इथं आणू नका. मालवाहू ट्रकसारखा वाटतो ते वेगळंच. पुण्यात स्किझोफ्रेनिया आणि पार्किन्सन्सच्या गटांत 'शुभंकर' आणि 'शुभार्थी' कधीचे रुळलेत. सांभाळणारा शुभंकर, आजार असलेला शुभार्थी. घडवलेला शब्द आहे, पेशंट म्हणण्यापेक्षा बरा आहे, वापरा.

बर्डीकर: पुण्यात रुळले असतील. आम्ही नागपूरकर हिंदी पेपरही वाचतो. तिथं शुभंकर म्हणजे क्रीडास्पर्धेचा बाहुला. माझी नात विचारेल, आजोबा, तुम्ही वाघ होणार की हरीण?

मोडीवाचक: हिंदीला घाबरून मराठी शब्द टाकायचे का? महापौर हा शब्द सावरकरांनी दिला तेव्हाही लोक हसलेच असतील.

बर्डीकर: महापौर टिकला, दूरध्वनी फक्त सरकारी कागदावर उरला. मी 'केअरगिव्हर' देवनागरीत लिहीन आणि मोकळा होईन.

धाकटी_बहीण: मी अकरा वर्षं भावाला सांभाळतेय, म्हणून बोलते. पुण्याच्या एका बैठकीत मला पहिल्यांदा शुभंकर म्हणाले तेव्हा डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. पण घरी आल्यावर तो शब्द जड झाला. रात्री दोनला तो दार वाजवत बसतो, मी ओरडते, सकाळी गोळी देताना त्याच्याकडे बघत नाही. त्या वेळी मी कुणाचं शुभ करत असते? शुभंकर म्हटलं की चिडायची सोयच राहत नाही. आमच्या आईच्या तोंडी एकच असायचं, "खस्ता खाल्ल्या." त्यात चिडचिड मावते.

मोडीवाचक: ताई, मान्य. पण पत्रकावर 'खस्ता खाणाऱ्यांची बैठक' कसं लिहिणार?

वऱ्हाडीमाणूस: आमच्याकडं कोणी एवढा घोळ घालत नाही. "बुढ्याले कोन पाह्यते?" "धाकटा पाह्यते." झालं. 'आजाऱ्याले पाहणारे' लिहा, ज्याला यायचं तो बरोबर येईल.

मोडीवाचक: प्रमाण मराठीत पाहणारा म्हणजे प्रेक्षक. नाहीतर मुलगी पाहायला आलेला.

वऱ्हाडीमाणूस: प्रमाण मराठीत वाट पाह्यता, घर पाह्यता, भविष्य पाह्यता. आजारी माणूस पाह्यला की काहून बिघडते?

कायदेवाला: 'नातेवाईक' हा पर्याय कुणी सुचवण्याआधी सांगतो. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येत सोबत राहून सांभाळण्याची जबाबदारी घेणारा कोणीही येतो, नातलग असो वा नसो, पगारी असो वा बिनपगारी. तेव्हा पगारी मावशीही तुमच्या बैठकीत बसू शकतात. आणि पत्रकाच्या तळाशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक टाका, चोवीस तास चालतो.

बर्डीकर: कायद्याचं काय घेऊन बसलात! १९१२चा ल्यूनसी, म्हणजे वेडाचा, कायदा गेला, १९८७चा आला, तोही गेला. सदरहून मानकापूरला जाताना ऑटोवाल्याला आजही 'पागलखाना चौक'च सांगावं लागतं. आधी तो शब्द बदला, मग शुभार्थी.

धाकटी_बहीण: त्याच चौकात उतरते मी औषधाला. एकदा 'मनोरुग्णालय' सांगितलं, त्यानं दुसऱ्याच दवाखान्यापाशी सोडलं.

पत्रकवाला: मंडळी, शुक्रवार. 'आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांची बैठक' असं सरळ लिहितो. ग्रुपचं काय? 'सोबत' चालेल?

मोडीवाचक: 'आधारगट' जास्त नेमका. बाकी ताईंचा 'खस्ता' फारसी आहे, जखमी, थकलेला या अर्थाचा.

बर्डीकर: मग खस्ता कचोरी कोणती? तीही थकलेली?

मोडीवाचक: मोडलेली, चुरा होणारी. शब्द एकच असावा.

वऱ्हाडीमाणूस: कचोरी मोडते म्हणून खस्ता नाही बाप्पा, मोहन बरोबर पडलं म्हणून खस्ता.