कंदी पेढ्यातलं ‘कंदी’ म्हणजे नेमकं कुठलं?

धारवाडी पेढा धारवाडचा, माहीम हलवा माहीमचा. मग कंदी पेढा कुठला? कुणीतरी साताऱ्याहून आणलेला पुडा आज ऑफिसात फिरत होता, त्यावरून विषय निघाला. ‘कंदी’ नावाचं गाव तिकडे आहे का? एकाने ठामपणे श्रीलंकेतलं कँडी सांगितलं. दुसऱ्याने त्याच्यावर कडी करून समरकंद! व्युत्पत्ती कुणाला ठाऊक असेल तर सांगा. आणि पेढा सोडून आणखी कशाला ‘कंदी’ म्हणतात का?

*

समरकंदवाल्यांना माझ्याकडून एक पेढा जास्त द्या.

माझं माहेर साताऱ्याचं. कंदी नावाचं गाव वगैरे काही नाही. आमच्याकडे सांगतात ती गोष्ट अशी, की इंग्रज साहेबाला पेढा खिलवला, तो खूश होऊन ‘कँडी, कँडी’ म्हणाला आणि लोकांनी त्याचं कंदी केलं. खरंखोटं माहीत नाही, पण लहानपणापासून हेच ऐकत आले.

वापराचं म्हणाल तर दुकानात ‘अर्धा किलो कंदी द्या’ एवढंच म्हणतात, पेढा शब्द लागतच नाही. त्याची ओळख रंगावरून. म्हशीच्या दुधाचा खवा पुन्हा कढईत घालून मंद आचेवर भाजत राहायचं, उलथन्याने तळ खरवडत. खव्याला तूप सुटतं, पांढरा रंग जाऊन तांबूस येतो, मगच साखर, तीही बेताची. तोडला की कणीदार तुटतो. पांढरा, मऊ, पिळून केल्यासारखा पेढा कुणी ‘कंदी’ म्हणून खपवत असेल तर खुशाल परत करा.

*

साहेबाची गोष्ट गोड आहे, पण साहेबाची गरज नाही. फारसीत ‘कंद’ म्हणजे साखर, आणि हा शब्द इंग्रज यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे पोचलेला होता. गुलकंद म्हणजे गुल अधिक कंद, गुलाब आणि साखर. त्यामुळे कंदी म्हणजे साखरेचा, हा अर्थ सरळ लागतो.

गंमत पुढे आहे. हा फारसी कंद आला कुठून? संस्कृत ‘खण्ड’वरून, म्हणजे आपली खांड. (काही अभ्यासक त्याच्याही मागे द्राविडी मूळ शोधतात.) फारसीतून तो अरबीत ‘कंदी’ झाला, तिथून फ्रेंचमध्ये गेला आणि शेवटी इंग्रजीत कँडी. म्हणजे साहेब खरोखरच ‘कँडी’ म्हणाला असेल, तर तो आपलाच शब्द परत करत होता.

दोन सावधगिरीच्या सूचना. सुरण-रताळ्याचा कंद वेगळा, त्याचा साखरेशी संबंध नाही. आणि समरकंद, ताश्कंदमधला ‘कंद’ म्हणजे गाव, शहर. तिकडच्या जुन्या सोग्दी भाषेतला शब्द आहे तो. तेव्हा तुमचा सहकारी गावाच्या अर्थापर्यंत पोचला खरा, पण चुकीच्या कंदावरून.

*

धारवाडी पेढ्याबद्दल एक. मी बेळगावचा, त्यामुळे शेजारधर्म म्हणून सांगतो. हा पेढा धारवाडचा म्हणून जगभर गेला, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तो धारवाडात आणला उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने, एकोणिसाव्या शतकात. तिकडे प्लेग पसरला म्हणून ते इकडे आले, असं सांगतात. मग पेढा उन्नावचा की धारवाडचा? माझ्या मते धारवाडचाच. म्हैस धारवाडी, दूध धारवाडी आणि नावही तिथेच मिळालं.

नकाशा उघडून बघा. साताऱ्याचा कंदी, आमचा बेळगावी कुंदा आणि धारवाडी पेढा, तिन्ही पुण्याहून बंगळुरूकडे जाणाऱ्या एकाच रस्त्यावर, आणि तिन्हींत खवा खरपूस होईपर्यंत भाजलेला. भाजल्याने पाणी उडतं, पदार्थ टिकतो. फ्रीज नव्हते तेव्हा प्रवासात न्यायचा तो असाच पेढा.

*

नावातल्या गावावर किती भरवसा ठेवायचा? कराची हलवा घ्या. कॉर्नफ्लोअरचा, चकचकीत, रबरासारखा ताणला जाणारा. फाळणीनंतर सिंधी मिठाईवाले मुंबईत आले आणि तो इथे कराची हलवा झाला. हाच चेन्नईत मागायचा तर ‘बॉम्बे हलवा’ म्हणावं लागतं! प्रत्येक गावाने आपल्याला जिथून आला असं वाटलं ते नाव चिकटवलंय.

माहीम हलवा मात्र खरंच माहीमचा. कागदासारखे पातळ चौकोनी पापुद्रे आणि मध्ये खरा कागद. लहान मुलं हमखास दोन्ही खातात.

*

कराचीच्या वरच्या उदाहरणाला माझ्याकडून जोड. मी कोपनहेगनला राहते. सगळं जग ज्याला ‘डॅनिश’ म्हणतं, त्याला इथे ‘वीनरब्रॉड’ म्हणतात, म्हणजे व्हिएन्नाचा पाव. 1850 मध्ये इथल्या बेकरी कामगारांनी संप केला, मालकांनी ऑस्ट्रियाहून कारागीर आणले, त्यांच्यापासून हा प्रकार सुरू झाला. आणि व्हिएन्नात त्याला काय म्हणतात? ‘कोपनहागनर’. परस्पर टोलवाटोलवी.

*

जिलेबी कुणीच काढली नाही अजून? ती अस्सल भारतीय, मूळ नाव ‘जलवल्लिका’, असा निरोप दर दसऱ्याला फिरतो. शब्द सुंदर आहे, पण कालक्रम जुळत नाही. बगदादमध्ये दहाव्या शतकात लिहिलेल्या अल-वर्राकच्या पाकग्रंथात ‘जुलाबिया’ची कृती आहे, आणि इराणमध्ये आजही रमजानात ‘जुल्बिया’ खातात. आपल्याकडे पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी जुनी पोथ्यापुस्तकं चाळून जिलेबीचा माग काढला. त्यांना सापडलेला जुना उल्लेख 1450च्या सुमाराच्या एका जैन कथेतला, श्रीमंताघरच्या जेवणाच्या वर्णनात. सतराव्या शतकातल्या रघुनाथाच्या ‘भोजनकुतूहल’ या ग्रंथातही ती येते. म्हणजे जिलेबी बाहेरून आली, पण पाच-सहाशे वर्षांपूर्वी. एवढ्या मुक्कामानंतर तिला पाहुणी कोण म्हणेल?

आणि रसगुल्ल्याचं भांडण इथे आणू नका ही विनंती. बंगालला 2017 मध्ये मानांकन मिळालं, ओडिशाला 2019 मध्ये. दोघेही जिंकले, विषय संपला.

*

मग श्रीखंडातलं ‘खंड’ही साखरच का?

*

वाटतं खरं तसं, पण घाई नको. संस्कृतात श्रीखंड म्हणजे चंदन. एकनाथांच्या घरी पाणी भरणारा, गंध उगाळणारा तो ‘श्रीखंड्या’ आठवा. दह्याच्या या पक्वान्नाला जुन्या ग्रंथांत रसाला किंवा शिखरिणी म्हणतात. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’मध्ये, म्हणजे बाराव्या शतकात, शिखरिणी आहे. हा राजा कल्याणचा, पण आपलं लोकलवालं कल्याण नव्हे, आजचं बसवकल्याण. शिखरिणी शब्द मराठीत टिकला तो वेगळ्याच वाटीत, केळ्याच्या शिकरणात. उत्तर कर्नाटकात आमरसाला ‘शीकरणी’ म्हणतात, तोही तोच. दही गेलं, दूध आलं, केळं आलं, आंबा आला, नाव तेवढं राहिलं.

*

साखरेवरच आलोय तर एक राहिलं. ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडा, वाळू. इथून शब्द पश्चिमेला गेला आणि अरबीतून युरोपभर पसरला, शुगर त्यातलीच. आणि इकडे हिंदीत साखरेची दोन नावं परदेशांवरून: चीनी म्हणजे चीनची आणि मिश्री म्हणजे मिस्रची, इजिप्तची. ज्या देशाने जगाला साखरेचा शब्द दिला, त्याच देशातली ही तऱ्हा.

मराठीने मात्र साखर आणि खडीसाखर सोडली नाही, हे बरंच झालं. कारण आपल्याकडे मिश्री म्हणजे दातांना लावायची भाजलेली तंबाखू. आमच्या आजीकडे शेजारच्या उत्तर भारतीय बाईंनी प्रसादासाठी चमचाभर मिश्री मागितली होती. आजीने मोठ्या प्रेमाने डबी पुढे केली आणि वर बजावलं, ‘जरा जपून हं, कडक आहे.’