गच्चीवर उन्हाळी भाजी: ग्रो बॅग (माती भरून झाड लावायची पिशवी) घेऊ की कुंड्या? (बजेट १,५००)

पाथर्डीफाटा_गच्ची
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. गच्चीचा पूर्वेकडचा कोपरा, साधारण दहा बाय बारा फूट, वापरायला मालकांनी होकार दिलाय. अट एकच: खाली ओल उतरता कामा नये. आजवरची माझी शेती म्हणजे खिडकीतली तुळस आणि एक कढीपत्ता, तोही रुसलेला. परवा पहाटे झोपेतच पांघरूण पायाशी ढकललं गेलं, तेव्हा कळलं थंडी निघाली. मिरची, काकडी, दोडका, थोडी मेथी-कोथिंबीर, बस. बजेट दीड हजार, माती-खत-बी सगळं धरून. ग्रो बॅग घेऊ की कुंड्या?

सातपूर_कामगार
ताई, दोन्ही नको. निळा ड्रम घ्या, दोनशे लिटरचा, मधोमध कापून. एकाचे दोन होतात. माझ्याकडे सहा आहेत, पाच वर्षांत ओरखडा नाही. वांग्याचं झाड माझ्या खांद्याला लागतं.

हिरवीमाया_गंगापूररोड
मी तर थेट ठिबक बसवून घेतलं, टायमरसकट. साडेनऊ हजार गेले, पण गावाला गेलं तरी चिंता नाही. बजेट थोडं वाढवा, एकदाच होतं.

पाथर्डीफाटा_गच्ची
मॅडम, थोडं म्हणजे सहापट झालं हो.

निवृत्त_ओव्हरसियर
ड्रमवाल्यांना एक विचारतो. ओली माती लिटरला दीड किलोच्या पुढे जाते. अर्धा ड्रम भरला की दीडशे किलो. असे सहा एका कोपऱ्यात म्हणजे नऊशे किलो, आणि तेही भाड्याच्या घराच्या स्लॅबवर. ठेवायचेच तर तुळईवर, भिंतीलगत ठेवा. मधोमध नको. आणि ड्रममध्ये आधी काय होतं हे विचारल्याशिवाय त्यात खायची भाजी लावू नका.

सातपूर_कामगार
साहेब, माझ्या ड्रममध्ये साबणाचं पाणी होतं. पाच वर्षं खातोय, ठणठणीत आहे.

निवृत्त_ओव्हरसियर
तुम्ही ठणठणीत आहात, स्लॅबला विचारलंत का?

इंदिरानगर_२२
ग्रो बॅगचं माझ्याकडून ऐका. ऑनलाइन दहाचा संच घेतला, स्वस्त मिळाला म्हणून. दुसऱ्या उन्हाळ्यात कडीला धरून उचलायला गेले तर कडी हातात आणि पिशवी जमिनीवर. कापड उन्हाने असं कुजलं होतं की बोट लावलं की पांढरा भुगा पडायचा. तो भुगा मातीत मिसळला, वेचता वेचता नाकी नऊ आले. घेतलीच तर २२० जीएसएमची (चौरस मीटरला २२० ग्रॅम, म्हणजे जाड कापडाची), अतिनील किरणांना टिकणारी घ्या. स्वस्तातली नकोच.

निफाडचा_तात्या
नाशिकला राहून काकडी-दोडका? अहो ताई, द्राक्षाचा वेल लावा! आत्ता डॉगरिजची, म्हणजे खुंटाच्या वेलाची काडी लावायची, ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर थॉम्पसनचं, म्हणजे खायच्या द्राक्षाचं कलम करायचं. एप्रिलात खरड छाटणी, नवी काडी तयार व्हायला; ऑक्टोबरात गोडी छाटणी, फळ धरायला. मंडप केला की सावलीपण झाली. काडी मी देतो, फुकट.

हिरवीमाया_गंगापूररोड
तात्या, तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या घरात द्राक्षबाग? घड लागेपर्यंत भाडेकरार संपेल त्यांचा.

निफाडचा_तात्या
करार वाढवून घ्यायचा.

मेरी_म्हसरूळ_माळी
मूळ प्रश्नाकडे येऊ. भांडं कोणतंही चालेल, खरी भानगड मातीची असते. आपली काळी माती शेतात सोनं, कुंडीत दगड. पाणी दिलं की चिखल, वाळली की भेगा, आणि पाणी भेगेतून सरळ खाली. तीच तुमची गळती. तीन भाग पोयटा (गाळाची माती) किंवा लाल माती, दोन भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असतात. पाच किलोची वीट फुगून साठ-सत्तर लिटर होते, तुम्हाला अर्धीही पुष्कळ.

सातपूर_कामगार
कोकोपीट म्हणजे पैसे घालवणं. उसाचा पाचट घाला.

मेरी_म्हसरूळ_माळी
पाचट वरून आच्छादनाला घाला, भाऊ. आत घातला तर कुजताना नत्र तोच खातो, झाड पिवळं पडतं.

देवळाली_मावशी
बी कुठून घेता? मी संकरित घेत नाही, पुढच्या वर्षी धरता येत नाही. राहुरी विद्यापीठाची हिमांगी काकडी, मिरचीला फुले ज्योती. मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात एकदा चौकशी करा. मिरची आधी रोपवाटिकेत करा, थेट टाकू नका. दोडक्याचं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधायचं. रात्री अजून गार असतात, तर डब्यात ठेवून फ्रिजवर मागच्या बाजूला ठेवा, तिथे ऊब असते. माझं चौथ्या दिवशी फुटतं.

सिडको_नवशिक्या
शेडनेट कितीचं घ्यायचं? मी ७५ टक्क्यांचं (म्हणजे तेवढं ऊन अडवणारं) हिरवं लावलं, टोमॅटोला फूलच नाही.

इंदिरानगर_२२
५० टक्क्यांचं घ्या. मी ग्रो बॅगबद्दल लिहिलंय वर, वाचलंत का? स्वस्तातली नका घेऊ.

मेरी_म्हसरूळ_माळी
७५ मध्ये टोमॅटो कशाला फुलेल, त्याला ऊन हवं. फेब्रुवारीत नेट लागतच नाही. मार्च सरता सरता, तेही दुपारनंतरच्या पश्चिमेच्या उन्हापुरतं. ताईंचा कोपरा पूर्वेचा आहे, कदाचित कठड्याची सावलीच पुरेल.

देवळाली_मावशी
एक राहिलं. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, पाच-साडेपाचनंतर. काकडीचं सकाळी. गच्चीवर मधमाशी नसेल तर हाताने करावं लागतं. नर फूल तोडून पाकळ्या मागे करायच्या आणि परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर फिरवायचा. मादी ओळखायला सोपी, फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा दोडका आधीच असतो. माझी सून दोन महिने सकाळी नर फुलं शोधत होती आणि म्हणत होती, आई, वेल वांझ आहे.

सातपूर_कामगार
ड्रममध्ये मधमाश्या आपोआप येतात.

हिरवीमाया_गंगापूररोड
😂 ठिबकचा फोटो टाकते उद्या.

निफाडचा_तात्या
फळमाशीचं बोला कोणीतरी. वेलवर्गाला क्यू-ल्युरचा कामगंध सापळा, म्हणजे वासाने नर माश्या ओढणारा, लागतो. आंब्याचा मिथाइल युजेनॉलवाला नका लावू. माझ्या शेजाऱ्याने तोच लावला होता काकडीला. भरपूर माश्या पकडल्या, सगळ्या दुसऱ्याच जातीच्या.

पाथर्डीफाटा_गच्ची
सगळ्यांचे आभार. झालं ते सांगते. कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे द्राक्षाची जुनी प्लास्टिकची कॅरेट पडून होती, एकेका कडेला चीर गेलेली. ऐंशीला एक, सहा घेतली. आत गोणपाटाचं अस्तर, खाली विटा, विटांखाली जुना फ्लेक्स उलटा पसरलाय. सांडलेलं पाणी त्यावरून सरळ गटाराच्या तोटीकडे जातं, मालक येऊन वाकून बघून गेले. पोयट्याची चार पोती २४०, गांडूळखत ३००, बी १२०, सुतळी-तार ६०. एकूण बाराशे. कोकोपीट नाही घेतलं, माळीदादा रागावू नका, पोयटा बराच भुसभुशीत निघाला. मावशी, दोडक्याला तिसऱ्या दिवशीच कोंब दिसला, शेंगदाण्याएवढा पांढरा, पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवला.
उरलेल्या तीनशेत मोगरा आणला. मला माहितीये इथे मोगऱ्याचं नाव कोणीच काढलं नव्हतं.

इंदिरानगर_२२
गोणपाटही कुजतं बरं. पावसाळ्यानंतर सांगा.

सातपूर_कामगार
मोगऱ्याला मोठं भांडं लागेल. अर्धा ड्रम आहे माझ्याकडे एक जादा.

निफाडचा_तात्या
कॅरेट द्राक्षाचं आणि आत मेथी! काडी ओल्या कापडात बांधून ठेवलीये, रविवारी गावात येतोय. पाथर्डी फाट्याला कुठे, ते सांगा.