मैदानाच्या दारात पिशवी अडवली, तर चूक कोणाची?

गेटवरची_सुलू (धागालेखिका)

माझं मत सुरुवातीलाच मांडते. तिकीट काढणाऱ्याने पिशवीचे नियम घरून निघण्यापूर्वी वाचलेच पाहिजेत, आणि दारात अडवलं गेलं तर तिथे उभ्या असलेल्या रक्षकाशी हुज्जत घालू नये.

पुण्यात इनडोअर कार्यक्रम असले की महिलांच्या रांगेजवळ मी स्वयंसेवक म्हणून उभी राहते. पडद्याचा आडोसा, एक टेबल, एक महिला रक्षक, हातातलं डिटेक्टर, एवढाच सगळा सरंजाम. मोकळ्या हातांनी आलेली बाई काही सेकंदांत पुढे जाते. मोठी पर्स आली की चार चेन उघडायच्या, आतला पाऊच, त्यातला दुसरा पाऊच, मग छत्री, डबा, चार्जर. तोवर मागची रांग रस्त्यापर्यंत जाते आणि पुरुषांची रांग संपून जाते. बायकांना नेहमी उशिरा आत जायला मिळतं, त्याचं मोठं कारण हेच आहे.

पिशवीचा नियम फक्त बॉम्बच्या भीतीने केलेला असतो असं लोकांना वाटतं. माझ्या मते तो आधी रांगेचा नियम आहे. दाराबाहेर माणसं किती वेळ दाटीवाटीने उभी राहतात यावर जीव अवलंबून असतात. ४ जून २०२५ ला बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांशी चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. त्याची कारणं वेगळी होती, पिशव्यांचा त्यात संबंध नव्हता. पण दाराबाहेरची गर्दी किती घातक होऊ शकते हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

तिकिटासोबतच्या मेलमध्ये तीन गोष्टी शोधा: पिशवीचं माप किती, ती पारदर्शक हवी का, आणि न चालणारी वस्तू ठेवायची सोय आहे का. नुसतं "छोटी बॅग चालेल" असं लिहिलं असेल, तर मेल करून सेंटिमीटरमध्ये विचारा. छोटी म्हणजे किती हे दारावरचा प्रत्येक रक्षक आपापल्या मनाने ठरवतो, आणि भांडणं तिथेच होतात.

कर्जत_लोकल

सुलूताई, तुमची तळमळ कळते, पण मी असहमत आहे.

आयपीएलचा संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो. अंधेरीत, बीकेसीत काम करणारा माणूस सहाला सुटला तर थेट चर्चगेट गाठतो. त्याच्या पाठीवर सॅक असते. तीत ऑफिसचा लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली. घरी जाऊन सॅक ठेवून यायचं तर कर्जत-कसाऱ्याच्या माणसाने सामना विसरावा. नियम त्याने शंभर वेळा वाचला, तरी सॅक कुठे ठेवायची याचं उत्तर त्या नियमात नसतं.

मग तो काय करतो? बाहेरच्या टपरीवाल्याला पैसे देऊन सॅक त्याच्या भरवशावर सोडतो. पावती नाही, टोकन नाही. एका मोठ्या मैदानाबाहेर मी स्वतः असं केलं आहे आणि पूर्ण सामनाभर माझं अर्धं लक्ष कंपनीच्या लॅपटॉपकडे होतं. मला नियम माहीत होता.

न्यूजर्सीकर

इकडचा अनुभव लिहितो. अमेरिकन फुटबॉलच्या लीगने, म्हणजे एनएफएलने, २०१३ मध्ये सगळ्या स्टेडियमना एकच नियम लावला. त्याच वर्षी १५ एप्रिलला बोस्टन मॅरेथॉनमध्ये सॅकमधून आणलेले बॉम्ब फुटले होते. नियम असा: पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, जास्तीत जास्त १२ इंच लांब, ६ इंच रुंद, १२ इंच उंच. किंवा एक गॅलनची झिपवाली पारदर्शक थैली. त्याखेरीज हातात मावेल एवढी साधी क्लच, साडेचार बाय साडेसहा इंच. बाळाची डायपर बॅगसुद्धा चालत नाही, त्यातलं सामान पारदर्शक पिशवीत भरायचं. औषधोपचाराच्या वस्तूंना तपासून सूट.

सुरुवातीला लोक, विशेषतः बायका, खूप चिडल्या होत्या. आता घरोघरी दाराजवळ ती पारदर्शक पिशवी टांगलेली असते. माप ठरलेलं असलं की वाद उरत नाही. भारतातून आई-बाबा आले की मी त्यांना कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीच पिशवी भरून दाखवतो.

मात्र एक सांगायला हवं. फुटबॉलला बहुतेक लोक गाडीने येतात. दारात पिशवी परतवली तर पार्किंगपर्यंत चालत जाऊन डिकीत टाकता येते.

कर्जत_लोकल

न्यूजर्सीकर, तुमचं शेवटचं वाक्य हाच माझा मुद्दा आहे! तो नियम ज्यांच्याकडे डिकी आहे त्यांच्यासाठी बनला. आपण नियम तेवढा उचलला. लोकलने येणाऱ्याची डिकी कुठे आहे?

नाना_कोथरूड

मी धागालेखिकेच्याही एक पाऊल पुढे जाईन. पिशवी नकोच, अगदी पारदर्शकसुद्धा.

१३ फेब्रुवारी २०१० ची संध्याकाळ पुणेकर विसरलेले नाहीत. कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत कोणीतरी ठेवून गेलेली सॅक फुटली आणि १७ माणसं गेली. त्याआधी ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, पिशव्यांतून बॉम्ब भरलेले प्रेशर कुकर ठेवले गेले. आपल्याला हे नियम कोणी अमेरिकेतून आणून शिकवायची गरज नाही. लॅपटॉपची काळजी असेल तर सामन्याच्या दिवशी रजा टाकावी. हौसेला थोडी किंमत मोजावी लागते.

आशय_मिरज

नानाकाका, जर्मन बेकरीचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं असं मला वाटतं. तिथे घात झाला तो बेवारस पिशवीने. आता मैदानात पिशवी बंद, ठेवायची सोय नाही, अशा ठिकाणी बाहेर काय दिसतं? झाडाखाली, कठड्यावर, टपरीच्या फळीखाली बेवारस पिशव्यांचे ढीग. एकही तपासलेली नाही, एकीचाही मालक जवळ नाही. ज्या गोष्टीपासून वाचायचं, तीच आपण दाराशी तयार करतो.

ब्रिटनमधल्या मँचेस्टर अरेना या सभागृहावरच्या हल्ल्याची चौकशी मी बरीच वाचली आहे. २२ मे २०१७ ला गायिका एरियाना ग्रांदेचा कार्यक्रम संपून मुलं बाहेर पडत होती, तेव्हा हल्लेखोराने सिटी रूम नावाच्या दालनात स्फोट केला. २२ जण गेले. ते दालन तिकीट तपासणीच्या बाहेर होतं. तो आत गेलाच नाही, त्यामुळे आतल्या नियमाने काही फरक पडला नसता. मुलांना न्यायला आलेल्या एका पालकाने भली मोठी सॅक घेतलेल्या त्या माणसाबद्दल तिथल्या कर्मचाऱ्याला स्फोटाच्या काही मिनिटं आधी सांगितलंही होतं. ती गोष्ट वर पोहोचली नाही. चौकशी आयोगाने हुकलेल्या संधींमध्ये तिचा समावेश केला.

आपल्याकडेही तेच. १७ एप्रिल २०१० ला चिन्नास्वामीवर मुंबई इंडियन्सच्या सामन्याआधी स्फोट झाले, ते भिंतीलगत. सामना तासभर उशिरा झाला, आणि बंगळुरूचे दोन्ही उपांत्य सामने नेरूळच्या डी. वाय. पाटीलला हलवावे लागले. सांगायचं एवढंच की धोका दाराबाहेर असतो, आणि आपण बाहेरची जागा वाऱ्यावर सोडून आत लिपस्टिक उघडून बघतो.

गेटवरची_सुलू

आशय, लिपस्टिकवाला टोला मला लागला, कारण ती उघडून बघणारी बाई माझ्या शेजारी उभी असते. तिला जेवायची सुट्टीसुद्धा धड मिळत नाही. तिला यादी दिलेली असते आणि काही आत गेलं तर जबाबदारी तिच्यावर येते. नियम बदलायचे तर आयोजकाला गाठा.

बाहेरच्या ढिगांबद्दल मात्र तुम्ही बरोबर बोलताय. म्हणूनच म्हणते की पिशवी घरी ठेवा.

तान्ह्याची_आई

"घरी ठेवा" हे फार सोपं उत्तर झालं, ताई. मला सॅनिटरी पॅड लागतात. बाळ आठ महिन्यांचं असताना कार्यक्रमाला गेले तर दूध काढायचा पंप लागला. पारदर्शक पिशवीत हे सगळं हजारो लोकांसमोर मिरवत न्यायचं? न्यूजर्सीकरांनी बायका चिडल्याचा उल्लेख एका ओळीत उरकला. चिडण्याचं कारण हे होतं.

त्यातल्या त्यात ती हाताएवढी क्लच ठेवली म्हणून जमतं. आपल्याकडे अनेक ठिकाणी तीही मिळत नाही. पुरुषांच्या पँटला चार खिसे असतात. साडीला, कुर्त्याला किती असतात? नियम करणाऱ्या खोलीत एक तरी बाई बसवा.

मंडप_ते_मंच

मी आयोजनाच्या बाजूने लिहितो, कारण इथे सगळे पिशव्या ठेवायची सोय, म्हणजे क्लोकरूम, हे एक टेबल आणि रजिस्टर असं धरून चाललेत.

क्लोकरूम सुरक्षा कड्याच्या बाहेर ठेवली, तर न तपासलेल्या पिशव्या मी स्वतःच एका जागी गोळा केल्यासारखं होतं. आत ठेवली, तर नियमाचा अर्थच जातो. म्हणजे एक्स-रे मशीन हवं, ते चालवायला प्रशिक्षित माणूस हवा. त्याहून मोठा प्रश्न सुटताना येतो. येताना लोक दोन तासांत टप्प्याटप्प्याने येतात, जाताना सगळे एकदम. पाच हजार माणसं एका खिडकीशी टोकन नाचवत उभी राहिली तर नवीन चेंगराचेंगरीची तयारी होते. शिवाय कोणाचा लॅपटॉप हरवला तर भरपाई कोणी द्यायची? त्यामुळे आयोजक "बॅग आणू नका" एवढं लिहून मोकळे होतात. यात आळस असतो हे मान्य. पण फक्त आळस नसतो.

कर्जत_लोकल

तिरुमलाला मोबाइल आत नेता येत नाही. देवस्थान ते जमा करून घेतं आणि दर्शन झाल्यावर परत देतं. तिथली रोजची गर्दी तुमच्या एका रात्रीच्या कार्यक्रमापेक्षा कमी नक्कीच नाही. देवस्थानाला जमतं, ते हजारो रुपयांचं तिकीट विकणाऱ्याला जमत नाही?

आणि एका खिडकीचा हट्ट का? दहा खिडक्या करा, तिकिटाच्या स्टँडप्रमाणे वाटून टाका. पैसे घ्या. मी टपरीवाल्याला देतोच आहे, तुम्हाला देईन.

मंडप_ते_मंच

तिरुमलाला गर्दी दिवसभर वाहती असते. माझी गर्दी रात्री दहाला एकाच क्षणी उठते. हा फरक लहान नाही. स्टँडप्रमाणे वाटायची सूचना मात्र करून बघण्यासारखी आहे, आणि आगाऊ नोंदणी घेतली तर किती पिशव्या येणार याचा अंदाजही येईल.

काळाकोट_सातारा

कायद्याची बाजू थोडक्यात. नियम तिकीट विकण्यापूर्वी स्पष्ट दाखवलेला असेल, तर तो पाळणं तुमच्यावर आहे. सुलूताईंचं म्हणणं इथवर टिकतं. पैसे घेतल्यावर, कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मेलमधून नवीन अट आली, तर तुम्ही सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करू शकता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये "अनुचित करार" ही संकल्पनाही आली आहे, पण ती तक्रार थेट राज्य आयोगाकडे जाते. दोन हजारांच्या तिकिटासाठी इतकं कोणी करत नाही, हे आयोजकांनाही ठाऊक असतं.

ब्रिटनने मँचेस्टरनंतर वेगळी वाट धरली. तिथे जीव गमावलेल्या मार्टिन हेट याच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि एप्रिल २०२५ मध्ये कायदा मंजूर झाला. २०० किंवा अधिक माणसं जमतील अशा जागांवर तयारीची जबाबदारी, ८०० च्या पुढे आणखी कडक. अंमलबजावणीला तयारीसाठी किमान दोन वर्षं दिली आहेत. जबाबदारी जागेच्या चालकावर टाकली, प्रेक्षकावर नाही. मला ते योग्य वाटतं.

नाना_कोथरूड

कायदे करा, क्लोकरूम करा, माझी हरकत नाही. पण ते होईपर्यंत उद्याच्या कार्यक्रमाला जाणाऱ्याने काय करायचं? रिकाम्या हाताने जायचं. मी हेच म्हणत होतो.

आशय_मिरज

एक वेगळा मुद्दा. सगळ्या वस्तू एकाच यादीत कोंबल्याने लोकांना नियम पटत नाही. पाण्याची बाटली बॉम्ब म्हणून बंद नसते, ती फेकली जाते म्हणून बंद असते. १९९६ च्या विश्वचषकात ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात बाटल्या मैदानात आल्या, सामना थांबला आणि श्रीलंकेला विजयी घोषित केलं. कारण लिहिलं तर माणूस बाटली स्वतःहून ठेवेल. बदल्यात आत पिण्याचं पाणी फुकट आणि जवळ हवं, नाहीतर त्या नियमामागे बाटलीबंद पाण्याचा धंदा आहे असंच लोक धरून चालणार.

गेटवरची_सुलू

कारण लिहावं, हे शंभर टक्के. माप लिहावं, कारण लिहावं, आणि ते तिकीट काढायच्या पानावर लिहावं, "अटी मान्य" या चौकटीच्या आत दडवू नये. क्लोकरूमसाठी मी आयोजकांकडे मागणी करीनच. तरीही दारातल्या मुलीवर ओरडणं कोणत्याही बाजूने बरोबर ठरत नाही, यावरून मी हलणार नाही.

इन्सुलिनवाला_बाबा

उशिरा आलो. मुलगा दहा वर्षांचा, टाइप १ मधुमेह. पुढच्या महिन्यात त्याला कबड्डीचा सामना बघायचा आहे. इन्सुलिन पेन, सुया, ग्लुकोमीटर, साखर खाली गेली तर ज्यूसचं छोटं खोकं, एवढं सोबत लागतंच. सुया आणि बाहेरचं खाणंपिणं दोन्ही यादीत बंद आहे. काय करू?

गेटवरची_सुलू

दादा, डॉक्टरांकडून लेटरहेडवर चिठ्ठी घ्या, त्यात सुया आणि ज्यूस हे दोन्ही नावाने लिहून घ्या. आयोजकांना आजच मेल करा आणि त्यांचं उत्तर छापून ठेवा, दारात फोनला रेंज नसते. सगळं एका पारदर्शक झिपच्या थैलीत भरा. दार उघडताच या आणि रांगेतल्या रक्षकाशी चर्चा न करता थेट गेटच्या सुपरवायझरला विचारा, निर्णय त्याच्याच हातात असतो. पेन थंड पाऊचमध्ये असेल तर तो वेगळा काढून दाखवा.

इन्सुलिनवाला_बाबा

आत्ताच मेल टाकला. उत्तर आलं की इथे लिहितो.