वुडी विल्यम्स: पदकापलीकडचं थोडं

दुसऱ्या महायुद्धात मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवणारे मरीन सैनिक वुडी विल्यम्स म्हटलं की सगळे त्यांच्या फ्लेमथ्रोवरबद्दलच, म्हणजे आग ओकणाऱ्या शस्त्राबद्दलच, लिहितात, ते बरोबरच आहे म्हणा, २३ फेब्रुवारी १९४५ ला जपानच्या इवो जिमा बेटावर तीसेक किलोचं ते धूड पाठीवर घेऊन चार तास काँक्रीटच्या पिलबॉक्सेसवर, म्हणजे शत्रूच्या छोट्या बंकरांवर, चाल करून जायचं, टाकी संपली की मागे येऊन दुसरी घ्यायची नि परत पुढे, आणि कव्हर द्यायला फक्त चार रायफलवाले. एका पिलबॉक्सवर तर गडी थेट वर चढला आणि हवेच्या भोकातून नळी आत घातली!

पण मला जास्त भिडलं ते वेगळंच. मरीन्समध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सागरी सैन्यदलात, जायच्या आधी वुडी वेस्ट व्हर्जिनियात टॅक्सी चालवायचे नि पोरगा युद्धात मारला गेल्याच्या तारा घरोघरी पोचवायचे, म्हणजे दार उघडणाऱ्या आईचा चेहरा त्यांनी पाहिलेला. म्हातारपणी गोल्ड स्टार कुटुंबांसाठी, म्हणजे ज्यांचं माणूस सैन्यात असताना गेलं त्यांच्यासाठी, गावोगावी स्मारकं उभारायचा ध्यास घेतला तो उगाच नाही. मधली ३३ वर्षं नोकरीसुद्धा माजी सैनिकांच्याच खात्यात.

आणि गंमत बघा, १९४२ मध्ये उंची कमी म्हणून याच माणसाला मरीन्सच्या भरतीतून परत पाठवलं होतं, ५ फूट ६ इंच!

कव्हर देणाऱ्या त्या चौघा रायफलवाल्यांपैकी दोघं त्याच दिवशी मारले गेले. पदक त्यांचं आहे, मी नुसता सांभाळतोय, असं वुडी २०२२ मध्ये जाईपर्यंत सांगत राहिले.