जुन्या इंग्रजीतल्या ओळखीच्या शब्दांचे अर्थ हवेत, मदत करा

नमस्कार मंडळी,

सध्या जेन ऑस्टिन आणि शेक्सपिअर मूळ इंग्रजीतून वाचतेय आणि एकाच ठिकाणी सारखी अडतेय. पूर्ण अनोळखी शब्दाचं काही वाटत नाही, 'बिट्विक्स्ट' दिसला की डिक्शनरी उघडायची, 'मध्ये' हा अर्थ मिळतो, पुढे जायचं. घोळ होतो तो ओळखीच्या शब्दांचा. शब्द रोजचाच, अर्थ लागल्यासारखाही वाटतो आणि तरी पात्राच्या स्वभावाशी काही केल्या जुळत नाही.

'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (1813) मिस्टर कॉलिन्स लेडी कॅथरीनच्या 'कॉन्डिसेन्शन'चं तोंड भरून कौतुक करतो. आज या शब्दाचा अर्थ समोरच्याला कमी लेखून बोलणं असा आहे, आणि कॉलिन्स तर तिच्यापुढे लोटांगण घालणारा माणूस, तो असं कशाला म्हणेल? 'एमा'मध्ये तर घोडागाडीत मिस्टर एल्टन एमाला 'व्हायलंट लव्ह' करतोय असं सरळ लिहिलंय! प्रसंग वाचला तर तो फक्त तिचा हात धरून लग्नाची गळ घालतोय.

अजून अडलेले शब्द: 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या जेन बेनेटच्या बाबतीत येणारा 'कँडर', हॅम्लेटच्या तोंडचा 'लेट', 1611 च्या किंग जेम्स बायबलमधले 'सफर' आणि 'प्रिव्हेंट', आणि 'मीथिंक्स', यात 'आय' का नाही? शिवाय 'दाऊ' आणि 'यू' एकाच संवादात आलटून पालटून येतात, त्यामागे काही नियम आहे का? आणि मुख्य म्हणजे शब्दाचा अर्थ बदललाय हे वाचताना ओळखायचं कसं, फोनमधली डिक्शनरी तर आजचाच अर्थ पुढे करते.

प्रतिसाद १

तुमची शंका अगदी बरोबर आहे, शब्द पात्राशी जुळत नसला की तिथे थांबायचंच. कॉन्डिसेन्शन तेव्हा गुण समजला जायचा, वरच्या दर्जाच्या माणसाने आपला मोठेपणा बाजूला ठेवून खालच्यांशी आपुलकीने वागणं. कॉलिन्स मनापासून स्तुतीच करतोय. लव्हचं म्हणाल तर 'मेक लव्ह' म्हणजे तेव्हा प्रेम व्यक्त करणं, मनधरणी करणं, एवढंच. एल्टन फार आवेशात आलाय इतकाच त्याचा अर्थ.

कँडरसाठी तर डिक्शनरीसुद्धा नको, पुस्तकातच उत्तर आहे. बहीण एलिझाबेथ जेनला म्हणते की प्रत्येकाच्या स्वभावातलं चांगलं तेवढं घ्यायचं, ते आणखी चांगलं करून सांगायचं आणि वाईटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हे फक्त तुलाच जमतं. म्हणजे दुसऱ्याबद्दल मनात किल्मिष न ठेवणं. आजचा स्पष्टवक्तेपणा हा अर्थ घेतलात तर जेनचं सगळं पात्रच उलटं होतं, म्हणून हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो.

प्रतिसाद २

'लेट' ही मुळात दोन वेगळी क्रियापदं आहेत जी पुढे दिसायला सारखी झाली, एकाचा अर्थ करू देणं आणि दुसऱ्याचा अडवणं. हॅम्लेट भुताच्या मागे निघालाय, मित्र त्याला धरून ठेवतायत, तेव्हा तो म्हणतो की जो मला 'लेट' करेल त्याचंच भूत करीन. तिथे अर्थ अडवेल असा. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला लागली की 'लेट' म्हणतात तोही अडथळ्याशीच जोडतात.

बायबलमध्ये मुलांना माझ्याकडे 'सफर' करा म्हणजे येऊ द्या. 'प्रिव्हेंट' म्हणजे आधी येणं किंवा आधी करणं, 119 व्या स्तोत्रात पहाटेला 'प्रिव्हेंट' केलं असं आहे ते उजाडायच्या आधीच उठलो या अर्थाने.

मीथिंक्स आपल्याला इंग्रजांपेक्षा सोपं जावं, कारण ते सरळ आपलं 'मला वाटतं' आहे. यातला थिंक म्हणजे विचार करणं नाही, भासणं या अर्थाचं ते वेगळं जुनं क्रियापद होतं, म्हणून कर्ता 'आय' नाही, 'मला' आहे. दाऊ आणि यू पण साधारण आपल्या तू आणि तुम्हीसारखेच. जवळच्याला दाऊ, हाताखालच्याला दाऊ, देवालाही दाऊ आणि मानाच्या माणसाला यू. 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये सर टोबी अँड्र्यूला सल्ला देतो की आव्हानाच्या पत्रात प्रतिस्पर्ध्याला दोन-तीनदा दाऊ म्हण, म्हणजे चक्क अरेतुरे करून अपमान कर. त्यामुळे संवादात मध्येच यूचं दाऊ झालं की नातं बदललं, राग आला किंवा जवळीक झाली, हे बघत जा, फार मजा येते.

प्रतिसाद ३

ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी बघा, ती 1884 पासून भागांत निघत 1928 ला पूर्ण झाली आणि तिची रचनाच इतिहासाच्या क्रमाने आहे, कुठला अर्थ कधीपासून कधीपर्यंत चालला ते सालासकट उदाहरणं देऊन दाखवलेलं असतं. ती लायब्ररीतून मिळाली तर उत्तम. ऑस्टिनसाठी जॉन्सनची 1755 ची डिक्शनरी जास्त उपयोगी, ती तिच्या काळाच्या जवळची आहे. शेक्सपिअरसाठी मात्र तळटिपा असलेली आवृत्तीच घ्या, नुसता मजकूर असलेलं फुकट ई-बुक घेऊन दर ओळीला डिक्शनरी उघडण्यात दमछाक होते.

धागाकर्ती

खूप खूप आभार सगळ्यांचे, कँडरचं कळल्यावर जेन आता एकदम लख्ख दिसतेय. जॉन्सनच्या डिक्शनरीचं स्कॅन मिळालं पण त्यात 'सफर' हा शब्द 'फफर' छापल्यासारखा दिसतो, स्कॅन खराब आहे का?

प्रतिसाद ३

स्कॅन ठीक आहे. तो एफ नाही, लांब एस आहे, शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये वापरायचे, शेवटी नेहमीचा एस. नीट बघा, एफची आडवी रेघ दांडीच्या आरपार जाते, याची जात नाही. 1800 च्या आसपास तो छपाईतून गेला. स्कॅनमध्ये शब्द सर्च करताना सापडला नाही तर एसच्या जागी एफ टाकून बघा, कारण कॉम्प्युटर पण बऱ्याचदा त्याला एफच वाचतो.